पावसाळ्यात तबला सतत उतरतो, रियाज कसा करावा?

मालवणात राहतो, मुलगी सहा महिने तबला शिकतेय आणि जूनपासून तो सुरात राहतच नाही, असं तुम्ही विचारलंय. दोष तिच्या हाताचा नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं, कातडं ओलावा धरतं, सैल पडतं, स्वर खाली येतो.

वाजवून झालं की सुती कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवा. चुलीजवळ अजिबात नको, कातडं तडकतं. बसण्याआधी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या कातडी गोटावर, वरून हातोडीचे हलके ठोके देत चारी बाजूंचा स्वर सारखा करा. जास्तच उतरला असेल तर गट्टे, म्हणजे बाजूच्या वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, खाली ठोका. शाईला, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलाला, हातोडी लागू देऊ नका. तरीही चढत नसेल तर ताणू नका, पुडी फाटेल. थोड्या खालच्या स्वरात रियाज चालतो, फक्त सगळीकडे एकच स्वर हवा.

रोज वीस मिनिटं ‘धा धा ति ट धा धा तू ना’ अगदी संथ, टाळी मोजत. वेग आपोआप येतो, घाईत बिघडलेला निकास, म्हणजे हातातून बोल काढायची पद्धत, सुधारायला मात्र वर्षं जातात. आणि गणपतीत तिला भजनाला नक्की बसवा, पखवाजवाल्याच्या शेजारी. लय तिथे अंगात मुरते.