एकच इशारा दोनदा का येतो?

प्रश्न : घरातले फोटो आणि कागदपत्रे एका ठिकाणी राहावीत म्हणून आम्ही दोन डिस्कचे नॅस (घरातल्या नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) घेतले असून, दोन्ही डिस्कवर सारखाच मजकूर राहील अशी रेड १ ची व्यवस्था केली आहे. डिस्क तापली, बॅकअप अडला किंवा वीज जाऊन यूपीएस सुरू झाला, की जीमेलवर इशारा येतो. हल्ली मात्र प्रत्येक इशारा दोनदा येऊ लागला आहे. हे ईमेलच बंद करून टाकावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. काय करावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ईमेल बंद करू नका. रेड १ मध्ये एक डिस्क निकामी झाली तरी सर्व फायली पूर्वीसारख्याच उघडत राहतात, आणि नॅस कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेले असेल तर त्यावरचा लाल दिवाही कुणाच्या दृष्टीस पडत नाही. अशा वेळी दुसरी डिस्क जाण्यापूर्वी आपल्याला सावध करणारा हा ईमेलच असतो.

नॅसच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी दोन्ही ईमेल संगणकावर उघडून, तीन ठिपक्यांच्या मेनूतील ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय निवडावा. तेथे अगदी वर ‘मेसेज-आयडी’, म्हणजे त्या पत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक, दिसेल. दोन्ही ईमेलचा आयडी एकच असेल, तर नॅसने एकच पत्र पाठवले असून त्याची दुसरी प्रत वाटेत, बहुधा एखाद्या फॉरवर्डिंगच्या नियमामुळे, तयार झाली आहे. तथापि एकाच आयडीच्या दोन प्रती आल्यास जीमेल सहसा एकच दाखवते. त्यामुळे आपल्या बाबतीत आयडी वेगळे निघण्याची शक्यता अधिक आहे, आणि मग शोध नॅसमध्येच घ्यावा लागेल.

सर्वप्रथम प्राप्तकर्त्यांची यादी पाहावी. जीमेल पत्त्यातील टिंबे जमेस धरत नाही. म्हणून नावाच्या मध्ये टिंब असलेला पत्ता आणि बिनटिंबाचा पत्ता हे दोन्ही यादीत असतील, तर नॅसच्या दृष्टीने ती दोन माणसे असतात आणि दोघांची पत्रे एकाच पेटीत पडतात. यादी निर्दोष असेल, तर इशारे किती मार्गांनी जातात ते तपासावे. अनेक उत्पादक आपण भरलेल्या एसएमटीपी (ईमेल पाठवण्याची पद्धत) खात्याखेरीज स्वतःच्या ऑनलाइन खात्यामार्फतही ईमेल पाठवण्याची सोय देतात, आणि ती चालू करून विसरून जाणे अगदी सहज घडते. दोन ईमेलमधील ‘फ्रॉम’चा पत्ता निराळा दिसला, की कारण हेच समजावे.

‘फ्रॉम’ही एकच आणि मजकूरही शब्दशः तोच, पण दोन पत्रांत काही मिनिटांचे अंतर, असे असेल तर प्रकरण थोडे वेगळे आहे. पत्र पूर्ण मिळाल्यावर सर्व्हर २५० या आकड्याने पोच देतो. इंटरनेट नेमके त्या क्षणी तुटले आणि पोच नॅसपर्यंत आलीच नाही, तर पत्र गेले नाही असे समजून नॅस ते पुन्हा पाठवते. हा दोष एसएमटीपीच्या रचनेतलाच असून १९८८ सालच्या आरएफसी १०४७ या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक टिपणात त्याची चर्चा आढळते. वीज गेल्यावर हे विशेषतः संभवते, कारण नॅस यूपीएसवर चालू राहते आणि राउटर मात्र बंद पडतो. तेव्हा राउटरही त्याच यूपीएसला जोडावा. मात्र ‘वीज गेली’ आणि ‘वीज आली’ हे दोन स्वतंत्र इशारे असतात. त्यांचे विषय इतके सारखे दिसतात की घाईत ते एकाच पत्राच्या दोन प्रती वाटतात.

केवळ डिस्कविषयीचेच इशारे दुहेरी येत असतील, तर एकाच डिस्कवर दोन प्रोग्रॅम लक्ष ठेवत असावेत. जुन्या संगणकावर लिनक्स घालून घरीच नॅस तयार करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. तेथे एमडीएडीएम हा रेड सांभाळणारा प्रोग्रॅम सतत पहारा देत असतो आणि त्याशिवाय रोज ठरलेल्या वेळी त्याचीच वेगळी फेरी होत असते. विकतच्या नॅसवर आपण नंतर एखादे डिस्क-तपासणीचे ॲप बसवले असल्यास त्यातील ईमेलची सूचना तेवढी बंद करावी, तपासणी चालूच ठेवावी.

प्रत्येक बदलानंतर नॅसमधील चाचणी-ईमेलचे बटण दाबून पाहावे. चाचणीचे पत्र एकच आले तर पत्ता आणि मार्ग ठीक आहेत, एवढेच त्यावरून ठरते. डिस्कवर दोन पहारेकरी आहेत की नाहीत, हे त्या बटणाने कळत नाही.