भाडं थकलं म्हणून मालकाला कुलूप लावता येतं का?

प्रश्न : मी सोलापुरात साखर पेठेत भाड्याने राहते. मुलांसाठी चित्रकथांचे व्हिडिओ घरीच बनवते. कामाचे पैसे अडकल्याने पाच महिन्यांचं भाडं, 32,500 रुपये, थकलंय. मालक म्हणतात, महिनाअखेर खोली खाली कर, नाहीतर कुलूप लावतो आणि कॉम्प्युटर ठेवून घेतो. भाडेकरार 11 महिन्यांचा, नुसता स्टॅम्पवर. मुदत संपून दीड वर्ष झालं. मित्रमैत्रिणींनी 40 हजार जमवून दिलेत. भाडं भरू, की दुसऱ्या खोलीचं डिपॉझिट देऊ?

उत्तर : आधी भाडं भरा. तुमची बाजू भाडं द्यायच्या तयारीवरच उभी आहे.

11 महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी. ती केली नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. उलट सिद्ध करायचं ते मालकाने. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) असता आणि मुदत संपली असती, तर मी तुम्हाला दुसरी खोली शोधायलाच सांगितलं असतं, कारण तिथे दुप्पट भाडं मागे लागतं.

तुमच्या बाबतीत मालकाला आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यावी लागेल, 90 दिवस थांबावं लागेल, मगच दावा. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी वार्षिक 15 टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचं भाडं चालू ठेवलं, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा देण्याचा हुकूम होत नाही. पण तिथवर जाऊच नका. पैसे आजच मालकाच्या खात्यावर पाठवा, कोणकोणत्या महिन्यांचे ते लिहून. रोख देऊ नका. नाकारले तर चेक आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच जपून ठेवा. कोर्टात ते बंदच कामाला येतं.

भाड्यापोटी कॉम्प्युटर ठेवून घ्यायचा अधिकार मालकाला नाही. वीज तोडणं, किंवा पाणी सुटलं त्या दिवशी टाकी भरू न देणं (सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे याचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको) याला त्याच कायद्याच्या कलम 29 खाली मनाई आहे. कुलूप लावलंच तर फोटो काढा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दिवाणी दावा लावा.

वकिलाच्या फीची काळजी नको. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

मित्रांच्या पैशांचा हिशेब ठेवा. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात एकूण 50 हजारांवर मदत आली, तर वरचीच नव्हे, सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरतात.

एक राहिलं. मालक ‘भाडं सोडतो, तू निघ’ म्हणाले, तर लगेच झिडकारू नका, सौदा वाईट नाही. मात्र थकबाकी माफ केल्याचं त्यांनी लिहून द्यावं, डिपॉझिट दिलं असेल तर तेही हातात पडावं, आणि मगच किल्ली द्या.