मालक "परमिट रद्द करीन" म्हणतो. कॅनडात क्लोज्ड वर्क परमिटवर नोकरी बदलता येते का?

मालकाच्या बापालाही तुमचं परमिट रद्द करता येत नाही. ते इमिग्रेशन खात्याने दिलंय. नोकरी सुटली तरी त्यावरची तारीख संपेपर्यंत तुम्ही कॅनडात राहू शकता. फक्त क्लोज्ड परमिटवर ज्या मालकाचं नाव आहे त्याच्याखेरीज कुणाकडे काम करता येत नाही. एवढंच मला २०२१ साली कुणी सांगितलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

एडमंटनपासून दोन तासांवरच्या गावात मी तंदूरवर होतो. कागदावर आठवड्याला ४० तास, प्रत्यक्षात ७०. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा, पे-स्टब चकाचक. दुसऱ्या दिवशी एटीएममधून ५०० डॉलर काढून मालकाच्या हातावर ठेवायचे. कशाचे? तर "एलएमआयएचा खर्च". एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकाने घ्यायची सरकारी मंजुरी. त्याची १००० डॉलर फी मालकानेच भरायची असते, कामगाराकडून वसूल करता येत नाही. एकूण किती दिले ते लिहीत नाही, आई वाचते.

टोरांटोला आमचे दाजी. दर रविवारी फोनवर एकच पालुपद: "पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) होईपर्यंत तोंड उघडू नकोस." दाजी स्वतः पीआर घेऊनच विमानात बसलेले!

आईने पाठवलेलं कालनिर्णय खोलीत टांगलं होतं. रोजच्या चौकटीत तास लिहायचो, पैसे दिले त्या दिवशी तो आकडा. मालकाने एकदा विचारलं, हे काय? म्हटलं, जपाच्या माळा मोजतो. मराठी आकडे त्याला कुठले वाचता यायला. तीच पानं इंग्रजी भाषांतरासकट, बँकेच्या स्टेटमेंटबरोबर जोडली आणि ओपन वर्क परमिटचा, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येईल अशा परमिटचा, अर्ज टाकला. शोषण होत असलेल्या क्लोज्ड परमिटवाल्यांसाठी ही सोय जून २०१९पासून आहे. फी नाही. मारहाणच व्हावी लागते असं नाही, पैसे उकळणं आणि धमक्या देणं हेही शोषणच. मला मिळालं. तुम्हीही आजपासून तास लिहायला लागा, मालकाचे मेसेज पुसू नका.

हां, एक राहिलं. अर्ज आत्ताचं परमिट जिवंत असतानाच करायचा, कॅनडात राहून. मिळतं ते साधारण वर्षभराचं. तेवढ्यात पुढचा मालक शोधावा लागतो. आणि नुसता पगार कमी वाटतो म्हणून हे मिळत नाही. तुमचं तसं असेल तर बहुतेक वेळा नवा मालक, त्याचा एलएमआयए, नवं परमिट, हाच रस्ता. मी वकील नाही.

दाजी अजून म्हणतात, तुझं नशीब म्हणून निभावलं. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता कॅनडा फिरून गेले आणि कमी पगाराच्या या परमिटांतून आधुनिक गुलामगिरी पोसली जाते असं जाहीरपणे बोलले. ती बातमी मी दाजींना पाठवली. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून यायचंय.