फ्रॉइड वाचायचाय? मग आधी त्याच्या मागचं वाच
अरे, मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या त्या जाड पुस्तकाला डायरेक्ट हात घालू नकोस, निम्मे लोक तिथेच गळतात. आधी पॅरिसचं साल्पेत्रिएर हॉस्पिटल बघ. तिथे शार्को नावाचा नसांचा डॉक्टर हिस्टेरियाच्या (शरीरात बिघाड सापडत नाही, तरी झटके, लुळेपणा अशी लक्षणं) बायकांना हिप्नोटाइज करून भरल्या हॉलमध्ये दाखवायचा, उपचार कमी आणि तमाशाच जास्त असं माझं मत, पण 1885 मध्ये फ्रॉइड तिथे गेला आणि नसांना काही झालेलं नसताना हात लुळा पडू शकतो हे त्याने तिथे जवळून बघितलं.

मग व्हिएन्नाचा डॉक्टर ब्रॉयर. त्याची पेशंट ॲना ओ., खरं नाव बेर्टा पापेनहाइम. हिप्नोसिसमध्ये ती एकेक लक्षण कधी सुरू झालं ते सांगायची आणि ते लक्षण जायचं, असं 1895 च्या ब्रॉयर-फ्रॉइडच्या पुस्तकात आहे. 'टॉकिंग क्युअर' (बोलून बरं होणं) हे नाव पण तिचंच, डॉक्टरांचं नाही! फक्त इथे जरा सावध वाच हं, कारण पुस्तकावरून वाटतं पोरगी ठणठणीत झाली, प्रत्यक्षात 1882 मध्येच तिला स्वित्झर्लंडच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं, मॉर्फिनची सवय लागलेली ती वेगळीच. पुढे ती सावरली आणि 1904 मध्ये जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, तो भाग तर नक्की वाच.

आणि या सगळ्याच्या आधीची, फ्रेंच डॉक्टर पिनेलने मनोरुग्णांच्या साखळ्या तोडल्या ही गोष्ट सगळीकडे भेटेल, तिथे प्युसँ हे नाव शोध. पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये 1797 ला साखळ्या काढल्या त्या या प्युसँने, आणि तो डॉक्टरही नव्हता.