परदेशी शिकाऱ्यांच्या व्हिडिओत दिसणारा हलका तंबू ठाण्याहून सह्याद्रीतल्या ट्रेकला चालेल का?

चालेल, पण बघून घ्या. (शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तेव्हा प्रश्न फक्त मुक्कामाचा.) ते तंबू बरेचदा एकेरी कापडाचे असतात. वजन कमी, पण आपल्या दमट हवेत आतून पाणी धरतं. माझ्या स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक पहाटे पिळण्याइतकं भिजलं होतं. दोघांसाठी साधारण दोन किलोचा, दुहेरी कापडाचा (आतला तंबू वेगळा, वरचं पाणी अडवणारं कापड वेगळं), खुंट्यांशिवाय उभा राहणारा घ्या. माथ्यावर कातळ असतो, खुंटी शिरतच नाही. मग दोरी दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा जड दगड ठेवायचा. घरी आल्यावर बाल्कनीत पूर्ण वाळवूनच घडी घाला, पावसाळ्यात तर नक्कीच. ओला ठेवलात तर बुरशी धरते आणि आतला वॉटरप्रूफ थर सोलवटतो.