"आमचं इंग्रजी चांगलं आहे, मग भाषेची काळजी कसली?"

तुम्ही विचारलंत, अमेरिकेत ह्यूस्टनला बदली ठरलीय, सोबत ६८ वर्षांची आई आणि नऊ वर्षांची मुलगी. तुम्हा दोघांचं इंग्रजी उत्तम, म्हणजे भाषेची अडचण स्पॅनिश बोलणाऱ्यांना, आपल्याला नाही, बरोबर ना? मी इथे पंधरा वर्षं राहतोय, शेजार बहुतेक मेक्सिकोचा. मला विचाराल तर त्यांचं जिथे अडलं, तिथेच तुमच्या आईंचंही अडेल.

भाषा अजिबात कळत नसेल तर निदान कुणीतरी दुभाषा बोलावतं. घात होतो तो सगळ्यांना 'कळलं' असं वाटतं तेव्हा. १९८० साली फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका क्यूबन वंशाच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं. घरचे म्हणाले, 'इंतोक्सिकादो'. त्यांच्या बोलण्यात याचा अर्थ, खाण्यापिण्यातलं काहीतरी बाधलं. डॉक्टरांनी ऐकलं 'इन्टॉक्सिकेटेड', म्हणजे नशेत. दोन दिवस अमली पदार्थांवरचे उपचार चालले आणि तिकडे मेंदूत रक्तस्राव होत राहिला. हातपाय कायमचे लुळे पडले. जन्मभराची भरपाई धरून आकडा सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर गेला. दुभाषा मागवावा असं कुणाला सुचलंच नाही, कारण शब्द ओळखीचा वाटला.

आता आईंचं बघा. त्या म्हणणार, "जीव घाबरा होतोय." त्याचं इंग्रजी कुणीतरी करणार, 'त्यांना भीती वाटतेय'. छातीतली धडधड, सुटलेला घाम, सगळं राहून जाणार. "पित्त झालंय"ची तीच गत. येण्याआधी त्यांच्यासोबत बसून असे शब्द काढा आणि प्रत्येकापुढे शरीरात नेमकं कुठे काय होतं ते इंग्रजीत लिहून ठेवा. आणि त्यांना एक पढवा, की न कळता "हो हो" म्हणून मान डोलवायची नाही. शेजारच्या मावशी डॉक्टरांपुढे असंच "सी, सी" म्हणत. ते निव्वळ आदरापोटी, पण कागदावर संमती म्हणून उतरतं.

मुलीला मात्र दुभाषी करू नका. याच मावशींबरोबर त्यांची अकरा वर्षांची लेक गेली होती. गाठीचा तुकडा काढून तपासायचा आहे, असं डॉक्टर म्हणाले. पोर घाबरली आणि आईला म्हणाली, "पुन्हा यायला सांगितलंय." मावशी पुन्हा दवाखान्यात गेल्या त्या दोन महिन्यांनी. गाठ साधी निघाली, हे नशीब. त्या लेकीचा चेहरा मला अजून आठवतो. खरं तर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने तातडीची वेळ सोडून लहान मुलांकडून हे काम करून घ्यायचं नसतं. २०१० च्या आरोग्य कायद्याखालचा तो नियम आहे. दुभाषा फुकट मिळतो, बहुधा फोनवर किंवा पडद्यावर. मागावा मात्र लागतो.

मागताना 'मराठी' असं स्पष्ट म्हणा. 'इंडियन' म्हणालात की हिंदीवाला जोडून देतील आणि आई संकोचाने त्याच्याशी मोडकंतोडकं बोलत बसतील. २००८ साली मिसिसिपीत, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली एक बाई बाळंत झाली. तिची भाषा चातिनो, तिथल्या आदिवासींची; स्पॅनिश जेमतेम. मेक्सिकोची म्हणून दवाखान्यातले तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलले, त्यातून भलतेच अर्थ निघाले, आणि अवघ्या काही दिवसांची मुलगी तिच्याकडून काढून घेतली. परत मिळायला सुमारे वर्ष गेलं.

इथे दुसरं बाळ होणार असेल तर आणखी एक. आपल्या बाळांच्या पाठीवर, कमरेखाली निळसर डाग असतात, लॅटिन अमेरिकन बाळांनाही असतात. माहिती नसलेल्याला ते माराचे वळ वाटू शकतात. जन्मल्याबरोबर डॉक्टरांच्या नोंदीत ते लिहून घ्या.

शाळेच्या फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असं विचारतील. पोरीला मागे टाकतील या भीतीने पुष्कळ पालक 'इंग्रजी' लिहितात. ही भीती अगदीच निराधार नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं होतं; १९७० च्या खटल्यानंतर मुलांना त्यांच्या भाषेतही तपासणं भाग पडलं. तरी तुम्ही 'मराठी' लिहा. इंग्रजीची एक चाचणी होईल, इतकंच. वर्गातल्या बाई पुढे कधी म्हणाल्या की ही बोलत नाही, नजर खाली ठेवते, तर मोठ्यांपुढे असं वागणं घरी शिकवलंय, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.