पहिल्या पावसात सापडलेल्या राणी मुंगीला काय खायला द्यावं?

काहीच नाही. पर्वरीत गॅलरीच्या दिव्याखाली मिळालेली तुमची मुंगी मोठी, काळी, पंख गळालेली आहे, म्हणजे बहुधा कॅम्पोनोटस, सुतार मुंगी. तरी कंबर बारीक आणि मिशा कोपरातून वाकलेल्या आहेत ना, ते बघून घ्या. पावसात दिव्यावर झडप घालणारे बरेचसे पाहुणे वाळवीचेच असतात.

टेस्ट ट्यूबमध्ये एक तृतीयांश पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा जरा सैल. काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. फ्रीजवर नको, हादरे बसतात. पंखांचे स्नायू जिरवून ती स्वतःला आणि अळ्यांना पोसते. पहिल्या कामकरी मुंग्यांना महिना-दीड महिना सहज लागतो. तोवर आठवड्यातून एकदाच डोकवा. सारखा उजेड दाखवलात तर घाबरून स्वतःचीच अंडी खाते.

आपल्याकडच्या दमट हवेत कापूस काळपट पडणारच, थोड्या डागांनी काही बिघडत नाही. पाणी संपत आलं तर नवी नळी तोंडाला तोंड लावून जोडा, राणी आपणहून तिच्यात सरकेल. कामकरी आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि मारलेला डास द्या, पण फवाऱ्याने मेलेला नको.